पान सतरा-अठरा

आमच्या घराण्यात अभिप्राय लिहिण्याचा रोग आहे. माझे वडील एसटी स्टँडवर तक्रारवही मागून घ्यायचे आणि तीत 'गाडी वेळेवर आली, वाहकाचे वर्तन सौजन्यपूर्ण' असं लिहून खाली सही, हुद्दा आणि पिनकोडसकट पत्ता ठोकायचे. कंट्रोलर बिचारा आधी घाबरायचा, मग चहा मागवायचा. प्रदर्शन म्हणू नका, संग्रहालय म्हणू नका, अभिप्राय वही दिसली की आमचे हात शिवशिवतात. बाकीची माणसं 'छान' लिहून पुढे सरकतात. आम्ही पेन दोनदा झटकतो, मागे रांग असलीच तर तिच्याकडे एकदा बघून घेतो, आणि नवं पान उघडतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचंय त्यात माझी बाजू म्हणून एवढीच आहे, आणि ती काही फार भक्कम नाही.

दोन हजारचं दशक अर्ध्यावर आलं होतं. जर्मनीत, कार्ल्सरूहेपासून रेल्वेने तासाभरावरच्या एका गावात आम्ही राहत होतो. मी पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. घरात बायको आणि सातवीतली मुलगी. मुलीला मराठी सगळं कळायचं, विशेषतः जे कळू नये असं वाटायचं ते. उत्तर मात्र जर्मनमध्ये.

आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, एक पॅलेस्टिनी गृहस्थ एकटेच राहायचे. तरुणपणी सिव्हिल इंजिनिअरिंग शिकायला आले, इथल्याच मुलीशी लग्न केलं, गावच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी करून निवृत्त झाले. बायको वारली होती. आमच्या घरात त्यांचं नाव 'वरचे काका'. ते मला 'हेर नाखबार' म्हणायचे, म्हणजे शेजारीबुवा. दर आठवड्याला आळीपाळीने जिना झाडायचा इथला रिवाज आम्हाला त्यांनीच शिकवला. कोपऱ्यातली धूळ कुठल्या कोनातून काढायची हेसुद्धा. जर्मन लोक त्यांच्यापुढे अजागळ वाटायचे.

काका एका छोट्याशा मंडळाचे अध्यक्ष होते. पॅलेस्टाईनविषयी व्याख्यानं करायची, वर्तमानपत्रांना पत्रं लिहायची, वर्षातून एकदा जेवण आणि प्रदर्शन. नगरपालिकेचा एक हॉल त्यांना मिळायचा. एका वर्षी प्रदर्शनाला आम्ही तिघं गेलो. भिंतींवर भरतकाम, जुने फोटो, आणि एका बाजूला काकांच्या वडिलांनी आठवून आठवून काढलेला त्यांच्या सुटलेल्या गावाचा नकाशा. गल्ल्या, विहीर, पिठाची गिरणी, आणि प्रत्येक घरावर बारीक अक्षरात घरमालकाचं नाव. एकही घर कोरं नव्हतं.

मी त्या नकाशापुढे बराच वेळ उभा राहिलो. माझ्या आईचं माहेर धरणात गेलं. ती अजून गावाच्या गल्ल्या ओळीने म्हणून दाखवते. पाढे म्हणतात तशी. पहिलं घर गुरवाचं, दुसरं कासाराचं, पुढचं पुढचं. लहानपणी आम्ही कंटाळायचो. इथे, भलत्याच देशात, दुसऱ्याच कुणाचं गाव बघून मला एकदम ते पाढे ऐकू आले.

दाराशी अभिप्राय वही होती. पुढचं सांगायला नको. माझं जर्मन पंपांपुरतं चालायचं. भावना आल्या की अडखळायचं. म्हणून मराठीतच लिहिलं. पानाच्या दोन्ही बाजू भरल्या. धरण, आई, तिची गल्ली, नकाशा, माणसाचं गाव जातं म्हणजे नेमकं काय जातं, सगळं. खाली नाव, डिग्री, कंपनीचं नाव, पत्ता, फोन. वहीची पानं काकांनी शाईने नंबर घालून ठेवली होती. माझं पान सतरा-अठरा. एकोणिसाव्यावर बायकोने लिहिलं, 'जेवण आणि भरतकाम दोन्ही छान. घरच्यासारखं वाटलं.' आणि सही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात काकांनी विचारलं, तुम्ही काय लिहिलंत? मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये थोडक्यात सांगितलं. ते झाडूवर हात ठेवून ऐकत राहिले. मग म्हणाले, तुमच्या आईंना माझा नमस्कार कळवा. मी कळवलासुद्धा. आई एवढी खूश झाली की शेजारणीला जाऊन सांगून आली: आपल्या गावाचं जर्मनीत एका वहीत लिहिलंय.

त्यानंतर सहा-आठ महिन्यांनी भानगड झाली.

मंडळाच्या एका कार्यक्रमाला बाहेरगावचा एक वक्ता बोलावला होता. तो बोलता बोलता एका हल्ल्याविषयी असं काही बोलून गेला की ते समर्थनच वाटावं. काकांनी त्याच्या हातातून माईक काढून घेतला, पण वाक्य निघून गेलं होतं आणि ते लिहून घेणारा बातमीदार पहिल्या रांगेत होता. गावातली ज्यू मंडळी संतापली. त्यांचा संताप मला तेव्हाही चुकीचा वाटला नाही, आजही वाटत नाही. मग शोधाशोध सुरू झाली. काही वर्षांपूर्वी सरकारने देणग्या गोळा करणारी एक संस्था, पैसा अतिरेक्यांकडे जातो म्हणून, बंद केली होती. काकांच्या मंडळातला एक सभासद पूर्वी त्या संस्थेत होता असं निघालं. नगरपालिकेने हॉल काढून घेतला. पत्रात लिहिलं की मंडळाच्या उद्दिष्टांबद्दल आणि अध्यक्षांच्या निष्ठेबद्दल शंका आहे.

मंडळातले सगळे काकांसारखे होते असं मी म्हणणार नाही. मला काही सगळे माहीत नव्हते. पण काका मला माहीत होते.

ते कोर्टात गेले. मी म्हटलं, एवढ्या हॉलसाठी कशाला? चर्चचा एखादा हॉल मिळेल की. ते म्हणाले, हॉल गेला तर जाऊ दे. "या गावाच्या प्रत्येक नळाचं पाणी तीस वर्षं मी तपासलं, हेर नाखबार. आणि त्याच गावाच्या कागदावर आता लिहिलंय की माझ्या निष्ठेची शंका आहे. तो शब्द मला खोडून हवाय."

त्यांच्या वकीलबाईंचं म्हणणं होतं की प्रदर्शनाची अभिप्राय वही कोर्टापुढे ठेवायची. सामान्य माणसं आली, त्यांनी काय पाहिलं, त्यांना काय वाटलं, ते त्यांच्याच अक्षरात. बहुतेक अभिप्राय एकेका ओळीचे. सगळ्यात लांब माझा. म्हणून एका संध्याकाळी काका वही घेऊन खाली आले. सतरा-अठराचं जर्मन भाषांतर करून खाली सही कराल का? आणि लागलंच तर कोर्टात येऊन तेवढंच सांगाल का?

मी म्हटलं, "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. "बघतो."

आपल्याकडे 'बघतो' म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. काका चाळीस वर्षं जर्मनीत राहिलेले. त्यांनी खिशातून डायरी काढली आणि विचारलं, "कधी बघाल? गुरुवारी?"

आता माझी भीती सांगतो. त्याच सुमारास आमचा नागरिकत्वाचा अर्ज गेला होता. आठ वर्षं भरली होती, भाषेची परीक्षा दुसऱ्या प्रयत्नात झाली होती, पगाराच्या चिठ्ठ्या जोडल्या होत्या. अर्जात एक प्रतिज्ञापत्र असतं: मी या देशाच्या राज्यघटनेविरुद्धच्या कुठल्याही हालचालीला पाठिंबा दिलेला नाही, देत नाही. त्यावर मी न वाचता सही केली होती, जशी आपण सगळेच करतो. आता रोज वाचू लागलो. दोन पानी अभिप्राय म्हणजे पाठिंबा होतो का? एक पानी असता तर? फोन नंबर लिहिला नसता तर?

त्यात कार्ल्सरूहेच्या एका मित्राचा फोन आला. तो तिथे आयटीत. त्याने ऐकीव दोन गोष्टी सांगितल्या, कुणाचा अर्ज कसा अडकला, कुणाला कसं बोलावून विचारलं. "तुझं नाव कुठे नाही ना बाबा त्यांच्याकडे?" मी म्हटलं, छे. आणि फोन ठेवला. नाव? कंपनीच्या नावासकट डिग्री होती तिथे.

बायकोला मी काहीच बोललो नाही. बुधवारी ती भिशीला गेल्यावर मी डब्यातले सहा बेसनाचे लाडू काढले आणि वर गेलो. लाच म्हणावी तर दोन लाडू फुटलेले होते.

काकांनी चहा केला. मी इकडचं तिकडचं बोललो. मग म्हणालो की ते पान तसं फार खाजगी आहे, आईविषयी आहे, कोर्टाच्या फायलीत ते पडावं असं काही मला बरं वाटत नाही. आईला ढाल करून बोलत होतो. शेवटी नागरिकत्वाच्या अर्जाचंही बोललोच. ते ऐकत होते. मधे त्यांनी एकदाही 'पण' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

त्यांनी वही आणली. ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी आणि ब्लेड काढलं. पट्टी शिवणीलगत ठेवली आणि इंजिनिअरच्या हाताने एकाच ओढीत पान कापलं. कडा इतकी सरळ की वहीने ते पान स्वतःहून सोडलं असं वाटावं.

"तुमचं आहे," ते म्हणाले. "घेऊन जा."

मी ते घडी करून वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तकात ठेवलं. त्याला घरात दुसरं कोणी हात लावत नाही.

सुनावणीच्या आठवड्यात मी ड्रेस्डेनला गेलो. तिथल्या ट्रेनिंगचं निमंत्रण मी वर्षभर टाळत होतो; साहेबाला म्हटलं, जाऊनच येतो एकदाचा. परत आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी मुलगी नाश्त्याला पेपर वाचत होती. तिला शाळेत रोज एक स्थानिक बातमी सांगायची असायची. तिने जर्मनमध्ये मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मंडळाच्या अध्यक्षांनी पुरावा म्हणून अभिप्राय वही सादर केली. नगरपालिकेच्या वकिलाने दाखवून दिलं की पानांना नंबर आहेत आणि सोळानंतर थेट एकोणीस येतो. मधलं पान ब्लेडने कापलेलं आहे. अध्यक्षांना विचारलं, कुणी कापलं? म्हणाले, मी. काय लिहिलं होतं? एका पाहुण्याचा खाजगी मजकूर. कोणत्या भाषेत? मला वाचता येत नाही अशा लिपीत. पाहुणा कोण? त्यावर अध्यक्षांनी उत्तर द्यायला नकार दिला.

बातमीचा मथळाच 'कापलेलं पान' असा होता.

बायको पोळीला तूप लावत होती. तिने हिशेब लगेच लावला; एकोणिसावं पान तिचं होतं.

"अहो," ती म्हणाली, "सतरा-अठरा तुमचं ना?"

मी म्हटलं की त्याचं असं झालं. मग जे होतं ते सांगितलं. लाडवांसकट.

"अर्ज काय तुमच्या एकट्याचा आहे? माझाही आहे. माझी सही आहे त्या वहीत. मला नाही सुचलं ते फाडून आणायला." तिने तुपाची पोळी मुलीच्या ताटात टाकली. "आणि त्यांनी तुमचं नाव सांगितलं नाही."

मुलीने पेपर घडी केला. ती मराठीत फारसं बोलत नसे, तेव्हाही बोलली नाही. एकच शब्द म्हणाली, "फाइगं." म्हणजे भित्रा. आवाज चढवून नाही. परीक्षेत रिकामी जागा भरतात तसा. मग दप्तर घेऊन शाळेत गेली. त्या दिवशी तिने वर्गात कुठली बातमी सांगितली ते मी कधी विचारलं नाही.

बायको त्याच दुपारी वर गेली. तिचं म्हणणं होतं की मी माझ्या ओळीचं भाषांतर देते, आणि यांना ओढत आणते. काकांनी वकीलबाईंना फोन लावून दिला. त्या म्हणाल्या, सुनावणी संपली, पुरावा बंद झाला. बायको खाली आली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. भाजी काय, वीजबिल भरलं का, एवढंच.

निकाल काही आठवड्यांनी लागला. मंडळ हरलं. निकालपत्र लांबलचक होतं, काकांनी ते मला वाचायलाही दिलं, आणि मी चोरासारखं आधी माझं पान शोधलं. सगळी कारणं होती: तो वक्ता, तो जुना सभासद, मंडळाने वेळेवर न केलेला निषेध. पानाचं एकच वाक्य होतं. पुराव्यातला काही भाग सुनावणीआधी काढून टाकल्यामुळे अध्यक्षांच्या विश्वासार्हतेवर परिणाम होतो, असं. मी बायकोला म्हटलं, बघ, बाकी एवढी कारणं आहेत, माझ्या पानामुळे काही हरले नाहीत ते. ती म्हणाली, "हॉल त्या कारणांनी गेला. माणूस या वाक्याने गेला." आणि कुकर लावायला उठली.

उन्हाळ्यात आम्हाला नागरिकत्व मिळालं. कचेरीतल्या बाईंनी हसून हात मिळवला, मला आणि बायकोला. मला कोणी काहीच विचारलं नव्हतं. बायकोची सही कोर्टाच्या फायलीत एवढे महिने पडून होती. तिलाही कोणी विचारलं नाही. दोघांचे दाखले एकाच लिफाफ्यात आले.

मग माझ्यातला शूर जागा झाला. वॉशिंग मशीनच्या पुस्तकातून पान काढलं, तीन संध्याकाळी बसून जर्मनमध्ये उतरवलं, खाली सही केली, या वेळी फोन नंबर जास्तच ठसठशीत लिहिला, आणि वर गेलो. जाताना बायकोला मुद्दाम सांगून गेलो. तिने टीव्हीवरून नजर काढली नाही.

काकांनी दार उघडलं. मी म्हटलं की अपिलात हे द्या, मी येतो, नाव सांगतो, पान मीच काढून नेलं असं सांगतो. ते म्हणाले, अपील केलं नाही. मुदत गेल्या महिन्यात संपली. मंडळाचा राजीनामाही दिलाय, वही आता नव्या अध्यक्षांकडे आहे. हे सगळं ते अशा सुरात सांगत होते की जणू जिन्यातला दिवा कोण बदलणार ते सांगतायत. आत या म्हणाले. मी आत गेलो नाही. मग त्यांनी चष्मा लावला आणि दारातच उभं राहून भाषांतर वाचू लागले. शेवटपर्यंत वाचलं. खिशातलं पेन काढून माझ्या जर्मनच्या दोन चुका सुधारल्या. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथे तुम्ही लिहिलंय, पहिलं घर गुरवाचं, दुसरं कासाराचं, वगैरे. तिसरं कुणाचं?"

मला माहीत नव्हतं. लहानपणापासून शंभरदा ऐकलं असेल.

"आईंना विचारा," ते म्हणाले. "अशा गोष्टीत वगैरे लिहायचं नसतं." आणि कागद माझ्या हातात परत दिला. रागाने नाही. रागावले असते तर मी माफी मागितली असती. जी मागायला खरं तर मी आलो होतो आणि जी अजून तोंडातच होती. ती तशीच घेऊन खाली आलो.

रविवारी आईला फोन केला. ती कराडला भावाकडे असते. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, तुझ्या गल्लीतलं तिसरं घर कुणाचं गं? ती म्हणाली, "आज एकदम कशी आठवण झाली तुला?" मी म्हटलं, आमचे वरचे काका विचारत होते.

"ते नकाशावाले?" तिचा आवाज एकदम तरुण झाला. "बघ, परक्या माणसाला आहे हो चौकशी. तिसरं शिंप्याचं. त्याच्या ओट्यावर मशीन असायचं. आणि ते तू लिहिलेलं आहे ना अजून? त्यांच्या वहीत?"

बायको समोर शेंगा निवडत बसली होती. तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं.

"आहे," मी म्हटलं.

"मग बरंय," आई म्हणाली, आणि चौथं घर सांगायला लागली. मी नुसतं हं, हं करत राहिलो.